गाडीचा नंबर कोणी सांगितला

आमच्या नात्यात कुठलाही कार्यक्रम ठरला की मुहूर्ताच्या आधी माझी यादी निघते. कोण कुठल्या गाडीत बसणार, कोणाला गाडी लागते, कोणाला खिडकी हवी, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, पाण्याचे डबे, ओवा, जुने टॉवेल, पिशव्या. अकोल्याच्या एका कॉलेजचं ऑफिस मी सांभाळते, त्यामुळे ही सवय आधी तिथे लागली की घरी, ते आता सांगता येणार नाही. लोक हसतात. पण निघायच्या दिवशी सकाळी सगळे माझ्याच तोंडाकडे बघतात.

त्या यादीत एक काम कायम असतं, ते मी कोणाला वाटून देत नाही. ड्रायव्हरवर लक्ष ठेवणं.

त्याला कारण आहे. आपल्याकडे पाहुण्यांच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणजे यजमानाची जबाबदारी. "ड्रायव्हर लोकांची सोय केली का रे?" असं मांडवात ओरडून विचारलं जातं आणि घरातल्या एका माणसाला तेवढंच काम दिलेलं असतं. सोय म्हणजे नुसतं ताट नव्हे. जो यजमान नुसतं ताट देतो त्याची चिकट म्हणून चर्चा होते. मग संध्याकाळी हाच सोय झालेला माणूस म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट अख्खं वऱ्हाड घेऊन परत निघतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीच बोलत नाही. म्हणून निघायच्या आधी मी ड्रायव्हरजवळ जाते, अगदी जवळ उभी राहते आणि विचारते, "भाऊ, जेवण झालं का?" उत्तर काय येतं याच्याशी मला काही देणंघेणं नसतं. मला वास घ्यायचा असतो.

ताईच्या मुलाचं, म्हणजे माझ्या भाच्याचं साक्षगंध, साखरपुडा म्हणा, शेंदूरजनाघाटला ठरलं. ताई माझी मोठी बहीण. मुलीच्या वडिलांची संत्र्याची बाग, शिवाय मालाची खरेदी-विक्री. हिवाळ्याचे दिवस, आंबिया बहाराचा माल निघत होता. अकोल्याहून अमरावती, मोर्शी, वरूड करत जायचं म्हणजे सकाळी लवकर निघायला हवं. एक ट्रॅव्हलर ठरवली आणि एक ताईच्या जावयांची कार. कारमध्ये जावई, माझी भाची, त्यांची लहान मुलगी आणि मिठाईची खोकी. बाकी सगळे ट्रॅव्हलरमध्ये. तशी यादी केली आणि ग्रुपवर टाकली.

जावयांबद्दल आधीच सांगते, माणूस चांगला. खतं-बियाण्यांचं दुकान आहे, गिऱ्हाइकाशी गोड बोलतात, सासूला दवाखान्यात न्यायचं असेल तर स्वतः येतात. भाचीवर जीव. त्यांच्याबद्दल माझ्या यादीत कधी काही लिहायची वेळ आली नव्हती. गाडी नवीन होती आणि चालवायची हौस होती, एवढंच.

ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर पन्नाशीचा, दाढी पिकलेला, अकोल्याचाच. मुलं त्याला चाचा म्हणू लागली म्हणून आम्हीही चाचा म्हणू लागलो. कमी बोलणारा आणि तोंडावर कायम आठी असलेला. मला तो पहिल्यापासूनच आवडला नव्हता.

साक्षगंध छान झालं. मुलगी मनमोकळी, घर मोठ्या मनाचं. जेवणात पुरणपोळी, वर तुपाची धार, वाढणारे हटायला तयार नाहीत. जेवणं झाली तसे मुलीचे वडील हात पुसत आमच्या पुरुषमंडळींकडे आले.

"चला जवाईबुवा, बाग दाखवतो."

"बाग पाहायले तं आलोच पाह्यजे," जावई उठले.

आमचे हेही उठले. भाच्याचे दोन काका उठले. बाग घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. बायकांना कोणी बोलावलं नाही. संत्री काही पुरुषांनीच बघायची असतात असं नाही, पण हा प्रश्न कोणी विचारला नाही. मी तर नाहीच विचारला. माझं लक्ष दुसरीकडे होतं. चाचाचं ताट अर्धं टाकलेलं दिसत होतं आणि चाचा दिसत नव्हता.

मी माल ठेवायच्या शेडकडे गेले. संत्र्यांचे कॅरेट एकावर एक रचलेले. पलीकडे पाण्याची टाकी. तिथे चाचा तोंड धूत होता. जेवण अर्धं टाकून तोंड धुवायला माणूस शेडच्या मागे कशाला येईल? मी सरळ त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले.

"जेवण झालं का, चाचा?"

त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि मागे सरकण्याऐवजी उलट माझ्याकडे वाकला.

"माह्यं तोंड हुंगाले आल्या न बाई तुमी? घ्या, हुंगा. कांदा खाल्ला हाय, थोच वास येईन."

"मी आपलं जेवणाचं विचारत होते."

"व्हय. सकाळी बी चहाचं विचारलं होतं तुमी, असंच नाकाजवळ येऊन." त्याने रुमाल खांद्यावर टाकला. "म्या म्हनतो, हुंगाच. पन मंग बागंतून जे लोकं येतीन न, त्याइचं बी हुंगा एकखेप. गाडी काई म्या एकटाच नाई चालवून राहिलो."

मला राग आला. माझ्या घरच्या माणसांबद्दल हा कोण बोलणार, असं वाटलं. आधी वाटला तो रागच होता, हे खरं. मग मी शेडच्या कडेने बागेच्या वाटेकडे बघत उभी राहिले.

मंडळी परत आली ती हसत, हातात पानांसकट संत्री. सगळ्यांच्या तोंडात साल. संत्र्याची साल कडू, ती कोणी हौसेने चघळत नाही. जावई सगळ्यांत पुढे. मला बघून त्यांनी हातातली संत्री दुसऱ्याकडे दिली आणि वाकून माझ्या पाया पडले.

सकाळी अकोल्यात एकदा पाया पडून झालं होतं. शुद्धीवरचा माणूस मावससासूच्या एका दिवसात दोनदा पाया पडत नाही.

"मावशी, काय बाग हाय हो! काय बाग!" ते म्हणाले. सालीच्या कडवट वासाखालून दुसरा वास आलाच.

मी आधी आमच्या ह्यांना बाजूला घेतलं. त्यांच्याही तोंडात साल होती, पण ते मागच्या सीटवर झोपणारे. "जावयांनी किती घेतली?"

"आता मी काय मोजत बसू? पाहुण्यानं ग्लास पुढं केला तं नाही म्हनाव काय? दोन घेतल्या असतीन. तीन असतीन. मोकळा रस्ता हाय, दिवसाउजेडी जाऊन राहिलो आपन. तू कायले मधात पडतं?"

मग ताईकडे गेले. ती मुलीच्या आईशी बोलत होती. तिला हाताला धरून ओसरीच्या कोपऱ्यात आणलं आणि सांगितलं. ताईच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं नाही. भीती उमटली, पण ती वेगळ्याच गोष्टीची.

"हळू बोल! त्याइले आयकू गेलं तं? जवायाले मी कसं म्हनू का बापा गाडी चालवू नको? आजच्या दिवशी? मानाचा मानूस हाय."

"ताई, पोरगी बसून राहिली त्या गाडीत. नात बसून राहिली."

"देव हाय," ताई म्हणाली आणि पुन्हा मुलीच्या आईकडे गेली.

म्हणजे मलाच बघावं लागणार होतं. माझी पद्धत अशी की समोरच्याला नाही म्हणायला लावायचं नाही, दुसरं काही तरी सुचवायचं. जावई गाडी वळवून घेत होते. मागे घेताना रिकाम्या कॅरेटचा ढीग पाडला. सगळे टाळ्या देऊन हसले. मी खिडकीशी गेले.

"जावईबुवा, तुम्ही आमच्याबरोबर ट्रॅव्हलरमध्ये चला ना. गाडी आणेल भाचा. तुमच्याशिवाय गप्पांना मजा नाही."

"मावशी," त्यांनी काच पूर्ण खाली केली, "यादी कोनाची?"

"माझी."

"माझं नाव कोन्या गाडीत हाय?"

"ह्याच."

"मंग! तुमची यादी मोडनारा मी कोन?" आजूबाजूचे पुन्हा हसले. मीही थोडं हसले, कारण हसले नसते तर तमाशा झाला असता.

"बरं, पोरगी तरी माझ्याकडे द्या. तिला ट्रॅव्हलरमध्ये खेळायला मिळेल."

"माही पोरगी माह्या गाडीत," ते म्हणाले. स्वर बदलला होता. मी मागे सरले.

भाची तेवढ्यात घरातून आली. बॅग विसरली म्हणून पुन्हा आत गेली होती, आणि बराच वेळ आत होती. तोंड धुतलेलं होतं. माझ्याकडे न बघता ती पुढच्या सीटवर बसली, मागे वळून मुलीचा पट्टा ओढून बघितला आणि स्वतःचाही लावला.

वरूडच्या पुढे रस्त्यावर संत्र्यांचे ट्रॅक्टर आणि ट्रक. आमची ट्रॅव्हलर मागे, जावयांची पांढरी कार पुढे. कधी ती एकदम हळू व्हायची, कधी ट्रकच्या बाजूने समोरचं न बघता निघायची. एका वळणावर समोरून बस आली तेव्हा कार दोन्हींच्या मधून गेली. आमच्या गाडीतल्या बायकांनी "अगं बाई!" म्हटलं आणि लगेच गप्प झाल्या, जणू बोलणं हाच गुन्हा. चाचाने आरशातून माझ्याकडे बघितलं. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मी फोन काढून हातात धरला. पोलिसांना करायचा तर काय सांगायचं, हे मनात जुळवत होते. पांढरी कार, नंबर अमुक, मोर्शीकडे. पुढे विचारलं की तुम्ही कोण, तर? मावशी. कोणाची? त्यांच्याच बायकोची. आज काय होतं? साक्षगंध. माझ्या डोळ्यांसमोर ताईचा चेहरा येत होता. दुसऱ्या बाजूला ती बस.

"कोनाले फोन लावून राहिली?" आमच्या ह्यांनी मागून विचारलं. झोपले नव्हते.

"कोणाला नाही."

हे सगळ्यांनी ऐकलं. पुढच्या गावापर्यंत बघू, नाही सुधारलं तर लावायचाच, असं मी ठरवलं. ते गाव आलंच नाही. मोर्शीच्या अलीकडे रस्त्यावर लोखंडी कठडे लावून पोलीस उभे होते. ट्रक गेले, ट्रॅक्टर गेले, एका मोटारसायकलवर तिघं बसून गेले, त्यांनाही कोणी विचारलं नाही. पांढरी कार आली तशी हवालदाराने हात केला आणि बाजूला घ्यायला लावली.

आम्ही सगळे खाली उतरलो.

"फुंका," हवालदार म्हणाला. त्याच्या हातात ती फुंकायची मशीन होती.

"मलेच काहून थांबवलं?" जावयांनी विचारलं. "इतक्या गाड्या गेल्या न?"

"नंबर आला होता आमच्यापाशी."

"कोनी देला?"

"थे आमी सांगत नसतो, साहेब. फुंका."

फुंकल्यावर हवालदाराने मशीन जावयांना दाखवली आणि मान हलवली. मग आमची मंडळी त्याच्याभोवती जमली. साक्षगंध आहे हो आज, जाऊ द्या. शुभकार्य आहे. पहिल्यांदाच झालं. आमच्या ताईने हात जोडून सांगितलं, "आमचे जवाई हायेत, साहेब."

"मंग तं अजून सांभाळा न बापा," हवालदार म्हणाला, "जवाई हायेत तं."

गाडी तिथेच राहिली. कागद झाले, कोर्टात यायला सांगितलं. भाची मुलीला घेऊन ट्रॅव्हलरमध्ये माझ्या शेजारी बसली. जावई पुढे, ड्रायव्हरशेजारी. त्यांची उतरली होती आणि चढला होता तो राग. मोर्शी मागे पडलं. मग ते मागे वळले.

"कोनी केला फोन?"

सगळे खिडकीबाहेर बघू लागले.

"गाडीचा नंबर सांगून उभे होते थे. आपल्यातलंच कोनीतरी हाय."

मग संशयाची गाडी सुरू झाली. आधी चाचा. तो वरूडला डिझेल टाकायला थांबला होता, तेव्हा उतरून कोणाशी बोलला?

"डिझेलवाल्याशी," चाचा म्हणाला.

"फोन होता तुमच्या हातात."

"फोन तं साऱ्याइच्याच हातात हाय, शेठ."

हे बोलल्यावर त्याच्यावरचा संशय पक्का झाला. आमच्या ह्यांचं मत पडलं की बागेतल्या गड्यांपैकी कोणी असेल. एका काकांना वाटलं, मुलीच्या चुलत्याचं काम. त्याच्या मुलीचं स्थळ भाच्याला आधी सांगून आलं होतं म्हणे. ताई मान डोलावू लागली. प्रत्येक जण बोलताना दुसऱ्याकडे बघत होता, आणि मधूनमधून सगळे माझ्याकडे. फोन हातात धरलेली मी सगळ्यांनी बघितली होती. भाचीने मुलीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिला कोणी काही विचारलं नाही. मरता मरता वाचलेल्या बाईला कोण विचारणार?

मी तिच्या हाताकडे बघितलं. फोन पर्समध्ये नव्हता, तिने तो मुठीत धरला होता आणि बंद करून ठेवला होता. मी बघते आहे हे लक्षात येताच तिने तो पदराखाली घेतला. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. मी ती कोणाजवळ बोलले नाही.

पुढच्या आठवड्यांत गोष्ट मिटायला हवी होती. ती वाढली. ट्रॅव्हलरवाल्याचा मला फोन आला, "मॅडम, तुमच्या जावयांनी सांगितलं की तो ड्रायव्हर पुन्हा कोणाच्या कामावर पाठवू नका, चुगलखोर आहे. खरं आहे का? मी त्याला घरी बसवला." मी म्हटलं, त्याने काही केलेलं नाही. "मग कोणी केलं?" असं त्याने विचारलं. त्याला तरी काय, त्याला एक नाव हवं होतं.

ताईला तर सगळ्यांत मोठी शंका. "ज्या घरी जवायाले पाजतेत आनि मांगून पोलिसाले फोन करतेत, त्या घरची पोट्टी आनू काय मी?" ती म्हणाली. सोयरीक मोडायची गोष्ट सुरू झाली. शेंदूरजनाहून मुलीचे वडील अकोल्याला येऊन गेले, बिचारे संत्र्यांची पेटी घेऊन. ताईने पेटी ठेवून घेतली आणि तारखेबद्दल एक शब्द काढला नाही. भाचा जेवेना.

एका दुपारी भाची जठारपेठेतल्या माझ्या घरी आली. मुलगी शाळेत होती. दार लावलं आणि उभ्यानेच म्हणाली, "मावशी, तुले माहीत हाय न?"

"बस आधी."

"मीच केला. बाथरूममधून. बॅग विसरली म्हनून आत गेली न, तेव्हा."

मी पाणी दिलं. तिने पेला तसाच हातात धरला.

"मग बसलीस कशाला त्या गाडीत? आम्ही होतो ना सगळे."

"कोन होतं? तू एकटी बोलली, तुले त्यानं हसून उडवलं. आईनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी नसती बसली तं तो एकटा गेला असता, रागात अजून जोरात. आनि पोरीले त्यानं सोडलंच नसतं. मले वाटलं, मी आत असली तं तो जरा तरी धाकात राहीन. आनि पोलीस मोर्शीपर्यंत तं थांबवतीनच." तिने पेला खाली ठेवला. "मले हे माहीत नव्हतं का मंधात थे बस येईन."

"सांगून टाक त्यांना."

"तो मारनार नाही मावशी, तसा नाही तो. पन रोज माह्याकडं असा पाहीन का हिच्यापाशी काही बोलायचं नाही. दुकानातून आला का इचारीन, फोन कुठं हाय तुहा, कोनाशी बोलून राहिली. सासरचे तं जगू देनार नाहीत. घरातल्या बाईनं नवऱ्याले पोलिसात देलं, हे कोन इसरते?" मग तिने मूळ गोष्ट काढली. "आता आई भावाचं लग्न मोडून राहिली. माह्यामुळं."

मला रडारड जमत नाही. मी वही घेतली नाही, पण मनात मांडणी केली. फोन झाला, हे कोणी पुसू शकत नाही. नाव कळलं नाही तर संशय रोज नवीन माणसावर बसणार. आज चाचा, उद्या मुलीचा चुलता, परवा ती स्वतः. संशयाला एक नाव दिलं की तो थांबतो. कोणाचं नाव सगळ्यांना पटेल? जिने सगळ्यांसमोर हातात फोन धरला होता. जी ड्रायव्हरांची तोंडं हुंगते म्हणून प्रसिद्ध आहे. आणि जिच्या घरात जावयांच्या पैशावर किंवा मर्जीवर काही चालत नाही.

"तू कोणाला काही सांगायचं नाही," मी म्हटलं. ती मग रडली.

(हे लिहायचं का, असं ज्यांची ही गोष्ट आहे त्या दोघांनाही मी विचारलं आहे. नावं घालायची नाहीत, एवढीच अट पडली.)

रविवारी ताईकडे गेले. जावई होते. चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. "फोन मी केला होता. चाचाने नाही, मुलीच्या चुलत्याने नाही. मी. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन."

ताईने कपाळावर हात मारला. जावई माझ्याकडे वळले.

"मावशी, मले सांगायचं होतं."

"सांगितलं होतं. तुम्ही यादी दाखवली."

ते उठून गेले. त्यानंतर कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. लग्नाची तारीख मात्र निघाली, चाचाला पुन्हा काम मिळालं. लग्नाची यादी मला कोणी मागितली नाही. मी पाहुण्यासारखी गेले आणि पाहुण्यासारखी आले. जेवणाच्या पंगतीत एक काका म्हणाले, "जरा जपून बरं का, मोबाईलवाल्या बाई आल्या." लोक हसले.

पण मजा पुढे आहे. मी पोलिसांना फोन करणारी बाई आहे, हे एकदा पसरल्यावर लोक माझ्याकडे यायला लागले. जे तोंडावर "घरच्या माणसाविरुद्ध असं करतात काय?" म्हणाले होते, तेच एकटे गाठून म्हणत, "बरं केलं तुम्ही. कोणीतरी करायलाच हवं होतं." आणि पुढे, "माझं नाव मात्र घेऊ नका." ऑफिसातल्या एका मॅडमने कागदाच्या कपट्यावर एक नंबर लिहून दिला. "शुक्रवारी संध्याकाळी अमरावती रोडने येतात हे. तुम्ही करता ना फोन?" तो तिच्याच नवऱ्याच्या गाडीचा नंबर होता. मी म्हटलं, तुम्ही स्वतः करा, नाव विचारत नाहीत. "छे, छे, मला नाही जमायचं," असं म्हणून तिने कपटा टेबलावरच ठेवला आणि गेली.

एक गृहस्थ असे आले की शेजाऱ्याच्या गाडीचा नंबर देऊन म्हणाले, रोज पिऊन चालवतो. चौकशी केली तर शेजारी दारूला हात लावत नाही, त्यांच्या दारासमोर गाडी लावतो एवढाच त्याचा गुन्हा. तेव्हापासून मी कोणाकडूनही नंबर घेत नाही. कोण खरं सांगतो आणि कोण माझ्या हातून दुसऱ्याचा काटा काढतो, हे कसं ओळखायचं? त्या मॅडमच्या नवऱ्याबद्दलही मला अजून खात्री नाही. फोन करायला हवा होता का, हा विचार अधूनमधून येतो.

उन्हाळा संपत आला तेव्हा एका संध्याकाळी जावई माझ्या दारात उभे. हातात पिशवी, त्यात आंबे. आमचे हे बाहेर गेले होते. मी बसायला सांगितलं, पंखा लावला. ते खुर्चीच्या कडेवर बसले, उठायची तयारी ठेवून.

"कोर्टाचं झालं," ते म्हणाले.

"चांगलं झालं."

"तिथं तो मोर्शीचा हवालदार भेटला. बोलता बोलता इषय निघाला." त्यांनी पिशवीचे बंद सरळ केले. "मी म्हटलं, आमच्या मावशीनं फोन केला होता. तो म्हने, तुमच्या मावशी लय रडत होत्या हो फोनवर. बोलताच येत नव्हतं म्हने त्याइले."

मी पंख्याकडे बघितलं.

"मावशी, माह्या लग्नाले इतके वर्सं झाले. तुमचे भाऊ, मोठे मामा, वारले तेव्हा तुमी चहाचे कप मोजून राहिल्या होत्या. तुमाले मी कधी रडताना नाही पाहिलं."

"त्या दिवशी रडले होते."

"तुमी."

"मीच."

ते माझ्याकडे बघत होते. मी नजर हलवली नाही. ऑफिसात मला ह्याची सवय आहे. त्यांचीच नजर आधी खाली गेली. त्यांनी हाताच्या तळव्याने तोंड पुसलं, दोनदा.

"मागच्या सीटवर पोरगी हाय, पोरगी हाय, असं म्हनत होत्या म्हने," ते म्हणाले.

मी आंब्यांची पिशवी आत नेली, पाणी आणलं. येऊन बघते तो ते उभे राहिले होते.

"तुमी म्हनता तं तुमीच," ते म्हणाले. "मी घरी बी असंच सांगन. कोनी इचारलं तं."

"सांगा."

जिन्यापर्यंत सोडायला गेले. खाली रस्त्यावर रिक्षा थांबली होती, त्यांचीच वाट बघत. मी विचारलं, गाडी कुठे?

"तिच्यापाशी," ते दोन पायऱ्या उतरून म्हणाले. "शिकून राहिली थे. पातूरपर्यंत जाऊन आली काल. मी बाजूले बसलो होतो." मग वर बघून, जरा तक्रार केल्यासारखं, "लय हळू चालवते."